एका वेळी किती खाता?

१४ ऑगस्ट

दादा,

आणि वर लोकांना सांगत फिरतोस की मीच घर टाकून गेलो! घर म्हणजे काय फाटकी चप्पल आहे, चालता चालता टाकून द्यायला? वहिनीचे वडील, तिचे काका, सगळे जेवायला बसलेले. मी भाताकडे हात केला आणि तू म्हणालास, "किती खातोस रे?" तेवढ्यावर थांबला असतास तरी गिळलं असतं. "कमावतोस किती, खातोस किती, काही मेळ आहे का?" काका हसले. ते हसले म्हणून तू पण हसलास. मग मी उठलो. आता तू म्हणशील, मी कुठे उठवलं, तूच उठलास. बरं बाबा, मीच उठलो. पण भरल्या ताटावरून उठलेल्याला कुणीतरी हाताला धरून बसवायचं असतं, एवढं तुला माहीत नाही? दारापर्यंत मी काही पळत गेलो नव्हतो. चपलासुद्धा दोनदा घातल्या.

फोन तू उचलत नाहीस. तीनदा केला. आता करणार नाही, मी पण त्याच आईचा आहे. म्हणून लिहितोय. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, लावून घे. चुका काढायच्या तर काढ, तुझा तो जुना छंद.

मी कुठे आहे हे तू विचारलेलं नाहीस, म्हणून सांगतो. धुलाईच्या कारखान्यात आहे. इस्पितळं आणि हॉटेलं, त्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे ट्रक भरून येतात. मी रोलरवर असतो. रोलर म्हणजे वाफेनं तापलेला, माणसाएवढा जाड नळ समज. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरून आत सोडायची, पलीकडून पुठ्ठ्यासारखी कडक बाहेर येते. दुसरं टोक मामांकडे असतं. ते कुणाचे मामा ते कुणालाच माहीत नाही, मालकसुद्धा त्यांना मामाच म्हणतो. ते माझ्याच खोलीत राहतात. खोलीत आणखी एक आहे, त्याला आम्ही वकील म्हणतो, कारण दिवा घालव म्हटलं तरी तो आधी "का?" विचारतो. बाकीचे तिघे नुसते घोरतात, त्यांना टोपणनाव ठेवायला अजून सवड झाली नाही.

आणि जेवणाचं म्हणशील तर कारखान्याची खानावळ आहे. तुला वाटत असेल पोटाला चिमटा काढून राहतोय. अजिबात नाही. सकाळी दोन अंडी. दुपारी भात, डाळ, भाजी, हवं तेवढं. रात्री परत भरलं ताट. आठवड्यातून दोनदा मटण, आणि ते रश्श्यात बुडी मारून शोधावं लागत नाही. केळी तर कोपऱ्यात पडून असतात. इथे "किती खातोस" असं विचारायची कुणाची छाती नाही.

नाही असं लिहिलं खरं, पण परवा एकीनं विचारलं.

एक बाई आल्या होत्या, काखेत छापील कागदांचा गठ्ठा. मोठ्या माणसांच्या खाण्याच्या सवयी मोजायला त्यांच्या कचेरीनं एक प्रश्नावली केलीय. पुढे ती गावोगाव विचारणार. पण त्याआधी ती प्रश्नावली बरोबर मोजते की नाही हे बघायचं म्हणून आमच्यासारख्यांवर लावून बघतात. आधी तोंडी विचारायचं, गेल्या महिन्यात काय काय खाल्लं. मग मधूनमधून चार दिवस खरोखरचं खाणं काट्यावर तोलायचं. मग शेवटी तीच प्रश्नावली पुन्हा. तोंडचं आणि काट्यावरचं जुळलं तर प्रश्नावली चांगली. मुकादमानं आमचीच खोली दिली, कारण ती जिन्याला लागून आहे आणि त्याला पुढे चालायचा कंटाळा.

वकिलापासून सुरुवात. बाईंनी विचारलं, "गेल्या महिन्यात काय काय खाल्लंत?"

"शिव्या धरायच्या का?" वकील म्हणाला. "मुकादमाच्या. रोज तीन वेळा, जेवणाआधी."

बाईंनी कागद खालीवर बघितला. "शिव्यांना रकाना नाही. तिखटात टाकू का?"

सगळी खोली हसली. घोरणारे तिघे पण. मला बाई बऱ्या वाटल्या, माझी पाळी येईपर्यंत. माझ्यासमोर त्यांनी वाट्यांचे फोटो मांडले, लहान, मध्यम, मोठी, आणि कागदावरचं वाचलं, "भात एका वेळी किती खाता?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मोठी. हिच्याहून मोठी असेल तर ती दाखवा."

"दिवसातून किती वेळा?"

"मनात येईल तेवढ्या वेळा. माझ्या पैशानं खातो."

"मी कुठे म्हटलं दुसऱ्याच्या?" असं म्हणून त्यांनी खूण केली. मग मी सगळंच मोठं सांगितलं, मटण, अंडी, दूध. त्या लिहीत गेल्या.

असो. आईच्या कवळीसाठी पैसे पाठवतोय. मी निघालो तेव्हा तिचे वरचे सगळे दात गेले होते आणि खाली चार राहिले होते. डॉक्टरनं सांगितलेला आकडा माझ्या डोक्यात आहे. दर खेपेला एवढेच पाठवीन, सात हजार.

३ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. भिंतीशी बोलतोय असं समजेन. भिंतीला निदान कान असतात म्हणतात.

काटा आला. पाटीएवढा, सपाट, आकडे लाल दिसतात. रिकामी वाटी ठेवायची, बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, मग वाढायचं. उरलेलं पण तोलायचं. वकिलानं पहिल्यांदा त्यावर आपला मोबाइल तोलला, मग पाकीट. पाकीट मोबाइलपेक्षा हलकं निघालं तेव्हा गप्प बसला.

आता इथली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. खानावळीचे पैसे पगारातून कापतात. दुपारचं ताट सक्तीचं, रात्रीचं ज्याला नको त्यानं बंद करावं, तेवढे पैसे वाचतात. खोलीतल्या बऱ्याच जणांनी बंद केलंय. मी नाही. बाकीच्यांचं सांगतोय.

तर एका रात्री बाई काटा घेऊन खानावळीत बसल्या. आमच्या खोलीतले सहा जण येणार म्हणून. आला एकटा वकील. तासभर वाट बघून बाई वर खोलीत आल्या. मामा खाटेवर बसून चहात पाव बुडवत होते. योगायोगानं मी पण तिथेच होतो आणि योगायोगानं माझ्याही हातात पाव होता. त्या दिवशी माझं पोट जरा बरं नव्हतं.

"मामा," बाई म्हणाल्या, "तुम्ही तर रात्री जेवता म्हणाला होतात."

"तुम्ही काय विचारलं होतंत?"

"रात्री जेवता ना, असं."

"मग? जेवता ना असं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं हो? नाही म्हटलं की विचारणाऱ्याला वाढावं लागतं. तुम्ही आलेल्या कागद घेऊन. तुम्ही कुठून वाढणार? म्हटलं उगाच बाईला कशाला अडचणीत टाका."

बाई हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "माझी आई पण तसलीच. दोन दिवसांची उपाशी असली तरी दुसऱ्याच्या दारात म्हणेल, आत्ताच जेवून आले." मग बादली पालथी घातली, त्यावर बसल्या आणि काटा मांडीवर घेतला. "आणा तो पाव."

"चहात बुडवलेला पाव खाण्यात धरायचा की पिण्यात?" वकिलानं दारातून विचारलं. जेवून आला होता ना, त्याला सुचणारच.

"विरघळायच्या आत तोलू, मग भांडू," बाई म्हणाल्या.

माझा तोलायचा पहिला दिवस त्याच्या आधीच, मंगळवारी झाला होता. तो दिवस त्यांनी आगाऊ सांगितला होता. त्या रात्री मी खानावळीत ताट घेतलं. म्हणजे रोजच घेतो, त्या रात्रीही घेतलं. भात दोनदा, डाळ दोनदा, अंडं. बाई तोलत होत्या, मी छाती काढून जेवत होतो. मामा समोर बसले होते, नुसतेच, पाणी घेऊन. खोलीत परत आल्यावर म्हणाले, "पाहुणा बघायला बसला की आपण पण पाहुण्यासारखे जेवतो, काय?"

मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. मामांना सगळ्यांचं सगळं कळतं असं त्यांना वाटतं.

उरलेले दिवस बाई न सांगता येणार आहेत म्हणे. येऊ देत. मला काय.

कवळीचं माप दिलं का ते कळव. तुझा हात जड झाला असेल तर वहिनीला लिहायला सांग. सात हजार पाठवतोय.

२१ सप्टेंबर

दादा,

अक्षर वाकडं आहे, कारण उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे. थोडं भाजलंय. रोलर गरमच असतो, त्यात नवल काय. चक्कर वगैरे काही आली नव्हती. कुणाकडून तसं कानावर आलं तर खरं मानू नकोस. मामांनी लाल बटण वेळेवर दाबलं, पण तिथे कुणीही असता तरी दाबलंच असतं. त्यावरून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, का ते त्यांनाच ठाऊक.

चार दिवस बसून होतो, तेवढे पगारातून गेले. तरी सातच पाठवतोय. कसे, ते विचारू नकोस. नाहीतरी तू काही विचारत नाहीस.

मटण या आठवड्यात तीनदा झालं.

८ ऑक्टोबर

हात लावला नाहीस?

वहिनीचा फोन आला होता, मुकादमाच्या मोबाइलवर. तिला काही बोलू नकोस. कारखान्याचं नाव पाकिटावर बघून तिनं नंबर मिळवला, तुझ्यापेक्षा तिलाच जास्त काळजी.

"भाऊजी, बोटं कशी आहेत?"

"बोटांचं सोड. आईची कवळी बसली का?"

ती म्हणाली, "पैसे तसेच आहेत. कपाटात. यांनी हात लावलेला नाही. म्हणतात, त्याला वाटतंय तो मला पैशानं गप्प करील."

"आणि आई काय खाते?"

"भिजवून खातात. कण्हतात मधूनच. विचारलं की म्हणतात, मला मऊच आवडतं." मग जरा आवाज खाली करून म्हणाली, "तुमची पत्रं हे मोठ्यानं वाचतात, भाऊजी. आईंना ऐकू जावं म्हणून. मटणाचं आलं की आई म्हणतात, तेवढं परत वाच."

मी मोबाइल मुकादमाला परत दिला आणि जिन्यात बसलो. तो म्हणाला, "मेलं का कोण?" मी म्हटलं, "नाही, सगळे जिवंत आहेत, तीच पंचाईत आहे."

एकवीस हजार, दादा! एकवीस हजार कपाटात घडी घालून, आणि कपाटाला टेकून आई पाव भिजवत बसलीय. माझ्यावर राग आहे ना? मग माझ्यावर काढ, ये इथे, दोन मुस्काटात दे, मी पण देईन एखादी. तिच्या हिरड्यांवर कसला काढतोस? मोठा मानी! मान तुला एकट्यालाच दिलाय का देवानं?

आता ऐक. हे मी तुला घाबरून सांगत नाही, तुझी दया यावी म्हणून तर नाहीच नाही. सांगतो, कारण मला चीड आलीय.

रात्रीचं ताट मी इथे आलो त्या दिवसापासून बंद आहे, त्या एका मंगळवारी तेवढं पैसे मोजून घेतलं. अंडी नाहीत. केळी कोपऱ्यात पडलेली नसतात, आमच्या खोलीला मोकळा कोपराच नाही. मटण महिन्यातून एकदा, मालकाला हुक्की आली तर, आणि ते रश्श्यात शोधावं लागतं. रात्री मामा आणि मी पाव-चहा. मामांचं कारण म्हणजे त्यांची मुलगी नर्सचं शिकतेय. माझं कारण तू. तुझ्या दारात पैशाचा ढीग लावीन आणि म्हणेन, घे, किती खाल्लं होतं मी तुझं? हा हिशेब होता. आणि तू ढिगाकडे बघितलंसुद्धा नाहीस!

चक्कर आली होती. चादरीचं टोक हातात होतं आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. मला वाटलं चादरच आहे. बाही आत गेली. मामांनी बटण दाबलं नसतं तर हे पत्र वकिलाला सांगून लिहून घ्यावं लागलं असतं, आणि त्यानं प्रत्येक ओळीला "का?" विचारलं असतं.

त्यानंतर चारच दिवसांनी बाई आल्या. तोलायचे दिवस संपले होते. टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसल्या, मला समोर बसवलं, कागद पसरले.

"तुमच्या तोंडच्या उत्तरांप्रमाणे तुम्ही पैलवान आहात," म्हणाल्या.

"आणि काट्याप्रमाणे?"

"काट्याप्रमाणे तुम्ही एका मंगळवारी पैलवान होता. बाकीचे तीन दिवस चिमणी."

त्यांनी माझ्या पट्टीकडे बघितलं, पण त्याबद्दल विचारलं नाही.

"आमचे साहेब म्हणतात, एवढी तफावत असेल त्यांना वगळा."

"वगळा म्हणजे?"

"म्हणजे हिशेबात धरायचं नाही. यांच्या सांगण्यावर भरवसा नाही असं लिहून बाजूला ठेवायचं."

दादा, माझं डोकं सणकलं. एका घराच्या हिशेबातून एकदा वगळलंय मला, तेवढं पुरे. उठून उभा राहिलो. म्हटलं, "मग खोडा पहिलं. आत्ता खरं सांगतो ते लिहा."

"ते खोडता येत नाही."

"खोटं आहे ते!"

"म्हणूनच खोडायचं नाही. बसा हो खाली. आम्ही तुम्हाला तपासत नाही आहोत, प्रश्नाला तपासतोय. धडधाकट, शहाण्या माणसाला एखादा प्रश्न ऐकून खोटं बोलावंसं वाटतं, तर त्या प्रश्नात काहीतरी खोट आहे. मामांचं मला कळलं. तुमचं कळत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर साहेब म्हणणार, पोरगा थापाड्या आहे, काढून टाका. आणि मला त्यांच्याशी भांडायला हातात काही नाही."

आधी सांगणार नव्हतो. हे मी मामांनाही सांगितलेलं नाही. पण मला थापाड्या म्हणून काढून टाकणार, आणि तो कागद कुठल्यातरी कपाटात तसाच राहणार, हे काही मला सोसेना. मग सांगितलं. पाहुणे, भात, तुझा शब्द, काकांचं हसणं. तुझं नाव घेतलं नाही, "एकजण" म्हटलं. बाईंना काय कळायचं ते कळलंच असेल. म्हटलं, "किती खाता असं कुणी विचारलं की माझं तोंड आपोआप मोठं बोलतं. मी नाही बोलत, तोंड बोलतं."

त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "कसं विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

"मला विचारू नका. ताटाला विचारा. काल ताटात काय होतं, असं."

"बाकीच्यांनी आणखी निराळंच सांगितलंय," त्या म्हणाल्या. "वकील म्हणतात, आधी तुम्ही काय खाल्लंत ते सांगा, मग मी सांगतो. साहेबांना यातलं काय पटेल माहीत नाही. भांडून बघते."

"मी येऊ का भांडायला?"

"नको. तुम्ही आधी जेवा."

आणि आता तुझ्यापुरतं. तुझा तो प्रश्न, तो प्रश्नच नव्हता, दादा. त्याला उत्तर नको होतं, हशा हवा होता, तो मिळाला तुला. एकदा, एकटा असताना, नीट विचारायचंस की, पोट भरतं का रे तुझं? मी काय म्हणालो असतो सांगता येत नाही. बहुतेक भरतं असंच. पण विचारून तर बघायचंस.

या पत्राबरोबर एक दमडीही नाही. कपाटातले काढ आधी. आणि हे आईला वाचून दाखवायची हिंमत असेल तर दाखव, मटणाचं खोटं होतं ते धरून. परत वाच म्हणाली तर परत वाच.

३ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. उलटून पालटून बघितलं, म्हटलं मागे काही असेल. "कवळीचं माप दिलं. तू जेवतोस का?" एवढ्या महिन्यांत दोन वाक्यं! शाई महाग झाली का तिकडे?

मामांना दाखवलं. ते म्हणाले, "भावानं विचारलंय. आता हो म्हणायचं आणि विषय संपवायचा." वकील म्हणाला, "का? हो का म्हणायचं?" आयुष्यात पहिल्यांदा त्याचा "का" मला आवडला.

तर हो म्हणत नाही. विचारलंच आहेस तर ताट सांगतो. काल रात्री: भात, डाळ, बटाट्याची भाजी जरा खारट, अर्धं अंडं. अर्धं, कारण अर्धं मी मामांच्या ताटात टाकलं. ते नको नको म्हणाले, त्यांचं नको कसलं असतं ते मला आता कळतं, मी टाकलंच. पगाराच्या दिवशी मुकादमाकडे जाऊन रात्रीचं ताट चालू करून आलो. तो म्हणाला, "लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "भूक लागली." बोटं बरी आहेत. एकाचं नख गेलंय, येईल. परत रोलरवर लागलोय.

बाई शेवटची प्रश्नावली घेऊन आल्या होत्या. साहेबांना अजून पटलेलं नाही, प्रश्न शब्दाला शब्द तोच. पण मला वगळलेलं नाही. माझ्या कागदाला एक टीप जोडलीय म्हणाल्या, टिपेत काय ते दाखवलं नाही. फोटो मांडले आणि वाचलं, "भात एका वेळी किती खाता?" माझी जीभ मोठी म्हणायला निघालीच होती. दातांनी धरली. म्हटलं, "मध्यम." बाईंनी वर बघितलं, खूण केली आणि पुढच्या प्रश्नाला गेल्या. दूध? नाही. फळं? एकदा, मामांच्या मुलीचा निकाल लागला तेव्हा. मटण? एकदा. खरं सांगायला फार वेळ लागत नाही, लवकर सुटलो.

आईचं वहिनीनं मुकादमाच्या फोनवर कळवलं. आठवं पत्र म्हणे तू वाचलंस, सगळं. (आठ तारखेचं म्हणायचं असेल तिला.) मटणाच्या जागी आई काही म्हणाली नाही, उठून आत गेली, आणि बाहेर येऊन तुला म्हणाली, "मला पण मऊ आवडत नाही." दुसऱ्या दिवशी तू माप द्यायला घेऊन गेलास. घराणंच आपलं थापाड्यांचं, दादा. एकेकाला काट्यावर बसवलं पाहिजे.

तू माफी मागितलेली नाहीस. मी पण मागत नाही, मी काही केलेलं नाही. मी भात मागितला होता. तो तुझा शब्द मी विसरलेलो नाही, कवळीनं तो भरून येत नाही. घरी येशील का, असं तू विचारलेलं नाहीस. विचारलंस तर आत्ता तरी नाही म्हणेन, आणि ते नाही खरं की मामांच्या जातीचं, ते तुझं तू तोल.

कपाटातल्यात कवळीचं भागायला पाहिजे. थोडे कमी पडले तर हे घाल. जास्त झाले तर आईला कडक काहीतरी आणून दे, तिला काय हवं ते तिला विचारून. नीट विचारून.

आणि हे सात नाहीत, आधीच सांगतो, म्हणजे मोजून तोंड वाकडं करायला नको. पुढेही सात येणार नाहीत. कुणी विचारलं तर सांग, बाकीचे धाकट्यानं खाल्ले. मोठ्यानं सांग.

चार हजार दोनशे.